दसऱ्यासाठी लावलेलं न्यू इंग्लंड ॲस्टर: दीड वर्षानंतर

आधी चूक कबूल करते. हे झाड मी नुसतं नाव वाचून घेतलं. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, घरामागे ऊन भरपूर, आणि नवरात्र आलं की इंडियन ग्रोसरीतल्या हारांचे भाव बघून पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी एप्रिलअखेर इथल्या मूळच्या झाडांच्या नर्सरीत पाटी दिसली: ॲस्टर, बहुवर्षायू, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतं. लगेच तीन छोटी रोपं उचलली.

माझ्या डोळ्यासमोर आपलं फुलबाजारातलं, किलोवर मिळणारं ॲस्टर होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्याचे ‘फुले गणेश’ नावाचे वाण काढले, तेच. ते मूळचं चीनचं, एका हंगामात संपणारं. त्याची प्रजातीच (जीनस) वेगळी, कॅलिस्टेफस. हे मात्र अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ओलसर माळरानातलं रानफूल. गंमत म्हणजे 1990च्या दशकात अभ्यासकांनी अमेरिकेतली बहुतेक ॲस्टर ‘ॲस्टर’ या मूळ प्रजातीतून बाहेर काढली आणि याचं नाव सिम्फियोट्रायकम नोव्ही-अँग्लिए झालं. थोडक्यात, मनातलं ॲस्टर आणि हातातलं ॲस्टर, शास्त्राच्या लेखी दोन्ही ॲस्टर नव्हेतच.

पहिलं वर्ष निव्वळ वाट बघण्यात गेलं. आमची माती लाल, चिकण. त्याबद्दल झाडाची तक्रार दिसली नाही. तक्रार होती माझी, ग्राउंडहॉगबद्दल: त्याने माझ्यावर उपकार केल्यासारखं मे महिन्यात एक रोप बुडख्यापर्यंत खाल्लं. घुशीच्या तोंडाचा, लठ्ठ बोक्याएवढा हा प्राणी ॲस्टरवर जीव टाकतो, हे तेव्हा कळलं. उरलेल्या दोघांभोवती जाळी लावली. ऑक्टोबरात दोन्हींवर मिळून जेमतेम दहा-बारा फुलं आली. मग बर्फ पडला, काड्या उरल्या, आणि मी मनातल्या मनात पैसे बुडीत खात्यात टाकले. मार्चमध्ये वाळकी पानं बाजूला केली तर बुडाशी हिरवे-जांभळे कोंब! दोघांचे मिळून वीसेक तरी असतील.

यंदाचा खरा धडा छाटणीचा. जूनच्या मध्यावर एक झाड निम्म्यावर कापलं, दुसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. न कापलेलं साडेपाच फूट गेलं आणि सप्टेंबरच्या एका पावसात शेजारच्या टोमॅटोवर जाऊन निजलं. शेवटी लेकाच्या क्रिकेटच्या स्टंपांना सुतळीने बांधलं, अजून तसंच आहे. कापलेलं साडेतीन फुटांवर थांबलं, अंगाने भरलं, आधाराशिवाय उभं राहिलं. फक्त आठवडाभर उशिरा फुललं. छाटणी 4 जुलैच्या आत उरकायची, नंतर कापलं तर कळ्याच जातात. दसरा लवकर येणार असेल तर एक झाड न छाटता ठेवा, असं मी म्हटलं असतं; पण त्याचाही उपयोग नाही, तो किस्सा पुढे येतो.

दिसण्याबद्दल खोटं बोलणार नाही. जुलैत पाणी कमी पडलं की खालची पानं तपकिरी होऊन लोंबतात, ऑगस्टमध्ये भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. फुलं यायच्या वेळी गुडघ्यापर्यंत नुसते उघडे दांडे. पाणी मुळाशी द्या, झाडांत अंतर ठेवा आणि पुढे काहीतरी बुटकं लावा. औषध मी मारलं नाही. झाडाचं काही बिघडलंही नाही.

आता फुलं. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, दाट जांभळ्या बारीक पाकळ्या, मध्ये हळदीचा ठिपका. सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे आहेत. अष्टमीच्या सकाळी आम्ही दोघींनी टोपलीभर फुलं खुडून हार ओवला. दुपारच्या आरतीपर्यंत एकूण एक फूल मिटलेलं! ही फुलं संध्याकाळी मिटतात आणि तोडल्यावरही मिटतात. आई हार हातात धरून म्हणाल्या, “अगं, हे लाजाळूच्या घरातलं दिसतंय. राहू दे झाडावरच.” फुलदाणीतही तीच गत. तेव्हा हारासाठी घेणार असाल तर माझ्याकडून शून्य गुण.

झाडावर मात्र विलक्षण प्रकार चालतो. इथे ऑक्टोबरात बाकी बाग आटोपलेली असते, त्यामुळे सगळी गर्दी यांच्याकडे. मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघालेली असतात, वाटेत रस प्यायला थांबतात. आईंनी एका दुपारी सतरा मोजली. तीच तीच पुन्हा मोजली असतील असं मी म्हटलं, तर दोन तास बोलल्या नाहीत. केसाळ भुंगे गार सकाळी फुलांवरच गारठून झोपलेले सापडतात, ऊन लागलं की हळूहळू हलतात. त्यांच्यातल्या नव्या राण्याच तेवढ्या हिवाळा काढतात, त्याआधी त्यांना पोट भरून घ्यायचं असतं. शेजारी गोल्डनरॉड आहे, आपल्याकडे बुकेत घालतात तोच पिवळा तुरा. जांभळं-पिवळं शेजारी आलं की रस्त्याने जाणारी माणसं थांबतात.

बी म्हातारीसारखं उडतं. यंदा वाफ्याबाहेर, पायवाटेच्या फटीतसुद्धा रोपं उगवली. नको असतील तर फुलं वाळताच कापा. मी कापत नाही, पक्षी बी खातात आणि काड्यांत किडे हिवाळा काढतात. वाळक्या काड्यांची छाटणी थेट वसंतात. जागा कमी असेल तर ‘पर्पल डोम’ हा दोन फुटांच्या आत राहणारा वाण बघा. सप्टेंबरात मोठ्या दुकानात फुललेल्या कुंड्या मिळतात, त्यातली एक मी ऑक्टोबरात जमिनीत लावली होती. मुळं धरायला वेळच मिळाला नाही, वसंतात खड्डा तेवढा शिल्लक. रोप एप्रिल-मेमध्येच लावा.

पुढच्या एप्रिलमध्ये मोठा गड्डा फोडून तीन करायचेत. दसऱ्याचा हार यंदाही ग्रोसरीतूनच आला, 18 डॉलरला.