दोन ओळी तोफा दिसल्या, तरी पैसे पाठवले

मॉडेल जहाजाच्या सामानापायी फसलो. रक्कम आधीच सांगून टाकतो. 32,829 रुपये. चार हप्त्यांत. घरी मी बावीस हजार सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया सौ.ला फोन करू नये.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारच्या अलीकडे राहतो. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंगच्या रेषा वाचून पोट भरलं, आणि त्याच रेषांनी गंडवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने घरात बसून होतो. तेव्हा ठरवलं, शिडाच्या जहाजाचं छोटं लाकडी मॉडेल बांधायचं, तेही तयार किटचा खोका आणून नाही, प्लॅनवरून. सौ. म्हणाली, "बांधा, पण सोडणार कुठे? विश्वामित्रीत मगरी आहेत."

जहाज निवडलं ट्रिंकोमाली. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली मलबारी सागात बांधलेलं फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, 1817 सालचं, आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. याचे मूळ प्लॅन 1812 मध्ये जावा नावाच्या जहाजातून निघाले होते. वाटेत ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन नावाच्या युद्धनौकेने जावाला गाठून संपवलं, म्हणून प्लॅनची दुसरी प्रत पाठवावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझ्याच गळ्यात आली.

विकणारा रत्नागिरीकडचा, असं तो म्हणाला. पहिल्या फोनलाच "काका, बडोद्यात आपली मराठी माणसं किती हो?" इथे दिवसभर गुजरातीत बोलणाऱ्या माणसाला असं कोकणी हेल काढून कोणी काका म्हटलं की काय होतं, ते बडोदेकरांनाच कळेल. 1,850 रुपयांत प्लॅन मागवले. आठव्या दिवशी नळकांड्यात गुंडाळून आलेसुद्धा. चार शीट, बाजूचं, वरचं, समोरचं दृश्य सगळं. म्हणजे गळाला लावलेलं आमिष अगदी खरं होतं.

सवयीने स्टीलची पट्टी लावली. प्रमाण 1:64. दहा फुटांची स्केलपट्टी 47.6 मिलिमीटर भरायला हवी, भरली 46. कोणीतरी कागदात मावेल असं करून छापलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "काका, तुमच्यासारखा बघणारा पहिल्यांदा भेटला. झेरॉक्सवाल्याकडे 103 टक्के करा." मी फुगलो. (प्लॅन घेतलात तर आधी स्केलपट्टी मोजा. मग बाकी कौतुक.)

मग किटचा विषय त्यानेच काढला. कापलेल्या फासळ्या, सागाच्या पट्ट्या, इंग्लंडची पितळी फिटिंग्ज, 14,200 आगाऊ. खरं म्हणजे इतक्या लहान मापाला साग जाड रेषेचा, वळवताना तडकतो, मी शिवणीचं लाकूड घेणार होतो. पण "मलबारचा साग, काका, मूळ जहाजासारखा" म्हटल्यावर विरघळलो.

त्याने फोटो पाठवला. तो क्षण मी रोज रात्री बघतो. अर्धवट बांधलेलं हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, फोटो बोटांनी मोठा केला, आणि तोफांच्या खिडक्यांच्या दोन सलग ओळी दिसल्या. नाळेपासून पार मागपर्यंत दोन. फ्रिगेटला तोफांची पूर्ण ओळ एकच असते, वर पुढे-मागे थोड्याफार. हे मला ठाऊक होतं, माझ्या टेबलावर पडलेल्या शीटवर ते काढलेलं होतं! मी काय केलं? मनाशी म्हटलं, फोटो दुसऱ्या मॉडेलचा असेल, किट बरोबरच असणार. आणि पिन टाकला. त्याने मला शंका घेऊ दिली नाही असं नाही. मीच घेतली नाही. एवढंच म्हणतो की तेव्हा औषधांनी डोकं जड होतं.

दहा दिवस काही नाही. मग "कस्टममध्ये अडकलंय, 6,780 भरा". मी हसून म्हटलं, या जहाजाचे प्लॅनच पहिल्यांदा वाटेत बुडाले होते, सामान अडकणारच. आयतं कारण मीच दिलं. पुढच्या वेळी तो मलाच ऐकवू लागला, "काका, जावासारखं झालं बघा." तेही भरले. शेवटी मी चिडलो तर "रिफंड घ्या" म्हणून क्यूआर पाठवला आणि 9,999 गेले. पैसे येताना पिन लागत नाही, हे मला पाठ आहे. नातवाला मीच शिकवलंय.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला पाचव्या दिवशी, लाजेपायी. तुम्ही पहिल्या तासात करा, यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवून. चॅट डिलीट करू नका, मी रागात अर्धं केलं.

बँकेत बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात, पोलिसांकडे जा. ठाण्यात म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, पत्र पोलिसांनी मागावं. काठी टेकत हे तीन वेळा केलं. चौथ्या वेळी एका हवालदाराने विचारलं, "काका, केवडुं मोटुं वहाण?" म्हणजे केवढं मोठं जहाज? मी हाताने 71 सेंटिमीटर दाखवलं. त्याने तसेच हात करून शेजारच्या टेबलाला दाखवलं, तिथून पुढच्याला. "आ उंमरे?", या वयात?, असं कुणीतरी म्हटलं, आणि सगळे हसले. अर्ज वाचायला दिला तर त्यात लिहिलेलं, रमकडानी होडी. खेळण्यातली होडी! तीन डोलकाठ्यांच्या फ्रिगेटला! मी म्हटलं, दुरुस्त करा. म्हणाले, आता नंबर पडला. हद्द कोणाची यावर आणखी दोन आठवडे गेले. आज विचारलं की "प्रोसेसमां छे".

सामानाचा फोटो मागताना त्यावर तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. आणि प्लॅन हवेच असतील तर ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे प्लॅन आहेत, प्रती तिथून मागवता येतात. मला हे आधी माहीत होतं. महाग वाटलं होतं.

काल भाच्याने एक जाहिरात पाठवली. नाव नवं, नंबर नवा, "काका, ओरिजिनल कटी सार्क किट, 11,900 फक्त". खाली तोच फोटो. चहा वाहायला 1869 मध्ये बांधलेलं जहाज, आणि त्याला तोफांच्या दोन ओळी.