घरच्या च्यवनप्राशाचं किट: भरड खुशाल घ्या, प्रक्षेप पारखून

थंडी सुरू झाली की काष्ठौषधींच्या दुकानांत च्यवनप्राशाची किटं लागतात. आत दोन पुड्या असतात, काढ्याची भरड आणि शेवटी घालायचं प्रक्षेप चूर्ण. आवळे, खडीसाखर, तूप, तिळाचं तेल आणि मध आपला आपण आणायचा.

भरडीची पुडी पैसे वसूल करते. दशमुळं, बला, जीवंती, पुष्करमूळ, काकडशिंगी, कचोरा अशी पस्तीसेक द्रव्यं, प्रत्येकी सात-आठ ग्रॅम, सुटी गोळा करणं कठीण. भरड मात्र जाडसर हवी, साल कुठली नि मूळ कुठलं हे डोळ्यांना कळेल इतकी. पीठ केलेली असेल तर काढा नीट गाळला जात नाही आणि अवलेह (शिजवलेलं चाटण) तळाशी कडवट, रेवाळ होतो. पुडी उघडताच कचोरा-अगरूचा वास यायला हवा. कोंदट वास आला किंवा मुळ्यांना भोकं दिसली तर माल जुना आहे. जीवक, ऋषभक, मेदा, काकोली ही हिमालयातली द्रव्यं आता दुर्मीळ आहेत. त्यांच्या जागी विदारीकंद, शतावरी, अश्वगंधा घालायला भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदग्रंथाचीच परवानगी आहे, तेव्हा पुडीवर ती नावं दिसली तर बिचकू नका. उलट बदल लिहून देणारा दुकानदार विश्वासाचा.

खरा घोळ प्रक्षेपात असतो. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारा पदार्थ, महाग. त्याऐवजी तवकीर, म्हणजे कंदाचं पांढरं पीठ, सर्रास घातलेली असते. नागकेशर म्हणजे फुलातले सोनेरी-पिवळसर पुंकेसर, पण त्याच नावाने मिरीसारखी काळी फळंही विकली जातात. दळल्यावर यातलं काहीच ओळखता येत नाही. म्हणून पिंपळी, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर अख्खं आणून घरीच कुटावं.

आता प्रमाण. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात ५०० आवळे, एक द्रोण (सुमारे १२ लिटर) पाणी, तेल-तूप मिळून १२ पळं, अर्धी तुळा (५० पळं) मत्स्यंडिका म्हणजे खडीसाखर आणि ६ पळं मध असा पाठ आहे. आवळे मोजून सांगितलेत, वजनाने नाही, आणि गफलत इथेच होते. गावठी आवळा १२ ते १५ ग्रॅमचा, कलमी आवळा ३५-४० ग्रॅमपर्यंत जातो. कलमी ५०० घेतले तर बाकीचं सगळं तिपटीने कमी पडतं. गावठी आवळा धरून, पळ ४८ ग्रॅमचं मानलं तर किलोभर आवळ्यांना २ लिटर पाणी, ९० ग्रॅम तेल-तूप, पावणेचारशे ग्रॅम खडीसाखर, ४५ ग्रॅम मध, ३० ग्रॅम वंशलोचन आणि १५ ग्रॅम पिंपळी बसते. किटातल्या कागदावर बरेचदा किलोला किलो साखर लिहिलेली असते. तो अवलेह टिकतो जास्त, पण होतो मुरंबा.

भरड त्या पाण्यात रात्रभर भिजवून उकळत ठेवावी. आवळे फडक्यात सैल बांधून ती पुरचुंडी काढ्यात सोडावी. आवळे बोटाने दाबून फुटले की काढावेत, बिया टाकून गर फडक्यावर घासून घ्यावा. मिक्सरमध्ये फिरवलात तर रेषा आत राहतात आणि परतताना करपतात. काढा गाळून अर्ध्या लिटरवर आणावा. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं घ्या. लोखंडात आवळा काळा पडतो.

सगळं यश परतण्यात आहे. मंद आचेवर तेल-तुपात गर तपकिरी होऊन कडेने तूप सुटेपर्यंत हलवत राहायचं, घाई करायची नाही. गरात पाणी राहिलं की महिन्याभरात वर बुरशी. मग काढ्यात खडीसाखरेचा पाक करून त्यात गर घालावा. थेंब पाण्यात टाकल्यावर न विरघळता तळाशी बसला आणि बोटांत दाबल्यावर रेषा उमटल्या की उतरवावा. याच्या पुढे शिजला तर दगड होतो. प्रक्षेप कोमट असताना, मध मात्र पूर्ण गार झाल्यावरच. मूळ पाठातही ‘सिद्धशीते’ असंच म्हटलंय.

डब्यांवर दाढीवाले ऋषी लेह चाटताना दाखवतात. भृगुपुत्र च्यवनांची जुनी कथा वेगळी आहे. अश्विनीकुमारांनी त्यांची जरा, म्हणजे म्हातारपण, अंगरख्यासारखी उतरवली, असं ऋग्वेद सांगतो. शतपथ ब्राह्मणात आणि महाभारतात ते पाण्यात बुडी मारून तरुण होऊन निघतात, आणि सुकन्या अश्विनींना नकार देऊन आपल्या वृद्ध पतीलाच धरून राहते. तिथे अवलेहाचा उल्लेख नाही. ‘याच्या प्रयोगाने अतिवृद्ध च्यवन पुन्हा तरुण झाले’ हे चरकाचं म्हणणं. किटाच्या कागदावर दोन्ही कथा एकत्र कालवून छापतात, हे खटकतं. सुकन्येचं तर नावही नसतं.

मात्रेबद्दल चरक चमचे सांगत नाही. जेवणाला अडथळा होणार नाही इतकीच घ्यावी, असं म्हणतो. एका चमच्याने सुरुवात करावी. भूक मंदावली तर तेवढाही जास्त झाला. मधुमेह असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय नको, कारण कमी साखरेचा असला तरी तो साखरेचाच पाक आहे.