नवा कॉम्प्युटर आला, आता जुन्या बॅकअपचं काय: पुढे चालवायचा, बाजूला ठेवायचा की मोकळा करायचा?

नवीन मशीन आलं की सगळं लक्ष फाइल्स इकडून तिकडे नेण्यात जातं, आणि ते काम आता बऱ्यापैकी सोपं झालंय. पण त्यात फक्त आज मशीनवर जे आहे तेवढंच येतं. तीन वर्षांपूर्वी डिलीट केलेला फोल्डर, एखाद्या एक्सेल फाइलचं वाट लागायच्या आधीचं व्हर्जन, हे सगळं राहतं जुन्या बॅकअप डिस्कवर, आणि ती डिस्क नवं मशीन आपली मानेल की नाही याचा विचार बहुतेकजण जुनं मशीन देऊन टाकल्यावर करतात.

रस्ते मुख्य तीन आहेत, चौथा हौसेचा. निवडायच्या आधी एकच ठरवा: त्या बॅकअपमधून उद्या नेमकं काय काढावं लागणार आहे? एखादी फाइल, फाइलची जुनी व्हर्जन्स, की आख्खं जुनं मशीन चालू करायची गरज पडणार आहे? कारण डिस्क मरते हे खरंच, पण तिच्याही आधी बऱ्याचदा ती वाचणारा प्रोग्राम बंद पडतो नाहीतर पासवर्ड विसरला जातो.

पहिला रस्ता, जुना बॅकअप नव्या मशीनच्या नावावर करून पुढे चालवायचा. मॅकवर टाइम मशीन या त्याच्या स्वतःच्या बॅकअप प्रोग्राममधे ही सोय आहे, मायग्रेशन असिस्टंटने (जुन्या मॅकवरून नव्यावर सगळं आणणारं ॲप) डेटा आणला आणि तीच डिस्क परत लावली की तो विचारतो, हा बॅकअप तुमचा म्हणून घ्यायचा का. नाही विचारलं तर टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या ॲपमधे, टीएमयूटिल या टाइम मशीनच्या टूलची इनहेरिटबॅकअप ही कमांड आहे. फायदा उघड आहे, इतिहास सलग राहतो, एकाच टाइमलाइनवर मागे मागे जाता येतं. विंडोजवर फाइल हिस्टरी, म्हणजे विंडोजमधलीच फाइल बॅकअपची सोय, वापरत असाल तर तिथेही सेटअप करताना या ड्राइव्हवरचा आधीचा बॅकअप वापरू का असा पर्याय मिळतो.

तोटा मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. टाइम मशीन जागा संपली की सगळ्यात जुने बॅकअप स्वतःच उडवतो. नवं मशीन मोठ्या डिस्कचं असतं, त्यावर भराभर माल जमतो, आणि ज्या जुन्या फाइल्ससाठी तुम्ही हा सगळा खटाटोप केला त्याच पहिल्या जातात, तेही गपचूप. शिवाय एकदा नव्या मॅकने बॅकअप घेतला की जुन्या मॅकला त्याच बॅकअपवर पुढे काम करता येत नाही, म्हणजे दोन्ही मशीन काही दिवस सोबत वापरणार असाल तर थांबा. आणखी एक, मॅकओएस बिग सर म्हणजे २०२० पासून टाइम मशीन नव्या डिस्कवर एपीएफएस हा ॲपलचा नवा डिस्क फॉरमॅट वापरतो. त्याआधीची एचएफएस प्लस या जुन्या फॉरमॅटवाली डिस्क चालते अजून, पण तिला एपीएफएस करायचं तर पुसावी लागते, मधला मार्ग नाही. त्यामुळे सेटअपमधे इरेज हा शब्द दिसला की हात मागे घ्या.

दुसरा रस्ता, जुनी डिस्क आहे तशी गोठवायची आणि नवीन बॅकअप नव्या डिस्कवर सुरू करायचा. माझं मत सरळ आहे, बहुतेकांना हाच बरा. काहीही हलवायचं नाही, काही पुसलं जायची भीती नाही. मॅकवर जुनी डिस्क लावून मेन्यू बारमधल्या टाइम मशीनच्या आयकॉनवर ऑप्शन की दाबून धरून क्लिक केलं की इतर बॅकअप डिस्क बघायचा पर्याय येतो, तिथून जुन्या मशीनच्या फाइल्स निवांत काढता येतात.

विंडोजवाल्यांना तर याहून सोपं, कारण फाइल हिस्टरी फाइल्स कुठल्या बंद डब्यात टाकत नाही. डिस्कवर फाइलहिस्टरी नावाचा फोल्डर, आत युजरचं नाव, मग जुन्या पीसीचं नाव, मग डेटा, आणि त्याखाली बॅकअपमधे घेतलेले फोल्डर, जुन्या सी ड्राइव्हवर होते त्याच रचनेत. फक्त प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख वेळ चिकटलेली असते, म्हणजे बजेट (२०२१_०३_१४ ०९_१२_४० यूटीसी) असं काहीतरी. ती वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली नाही, हे विसरू नका, नाहीतर दुपारचं व्हर्जन शोधताना डोकं खाजवत बसाल. कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी नुसत्या सर्चने सापडतं.

विंडोज ७ च्या काळातला बॅकअप असेल तर त्यात झिप फाइल्स असतात, त्या उघडतात. सिस्टिम इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची प्रत, असेल तर विंडोजइमेजबॅकअप फोल्डरमधे व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स फाइल (आख्खी डिस्क एका फाइलमधे) मिळेल, ती विंडोज ८ पासून पुढे डबल क्लिकने ड्राइव्हसारखी जोडली जाते. शक्यतो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट टूलमधून रीड ओन्लीवर टिक करून जोडा, म्हणजे चुकून आत काही लिहिलं जाणार नाही. खरी अडचण इतर कंपन्यांच्या बॅकअप टूलची. त्यांचा फॉरमॅट स्वतःचा असतो आणि तो टूलशिवाय उघडत नाही, त्यामुळे अशा वेळी इन्स्टॉलर आणि लायसन्स की त्याच डिस्कवर साध्या फोल्डरमधे ठेवून द्या.

मॅकवरून विंडोजवर किंवा उलट जाणार असाल तर हा रस्ता निम्मा बंद होतो. विंडोज एपीएफएस आणि एचएफएस प्लस स्वतःहून वाचत नाही, मॅक एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट वाचतो पण त्यावर लिहीत नाही. म्हणजे फाइल हिस्टरीची डिस्क मॅकवर नुसती उघडायची असेल तर चालेल, टाइम मशीनची डिस्क विंडोजवर मात्र नाही.

तिथे कामाला येतो तिसरा रस्ता, बॅकअप मोकळा करायचा. जुनं मशीन चालू असतानाच बॅकअपमधून हव्या त्या फाइल्स रिस्टोअर करून साध्या फोल्डरमधे टाकायच्या, एक्सफॅट फॉरमॅटच्या डिस्कवर, जी दोन्हीकडे चालते. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. या रस्त्याने व्हर्जन्सचा इतिहास जातो, जे काढाल तेवढंच उरतं, पण जे उरतं ते काढायला कुठला बॅकअप प्रोग्राम लागत नाही. वेळखाऊ काम आहे, मान्य. फोटो, लेखी कामं, हिशोब, मेलचा एक्सपोर्ट इतकं काढलं तरी बऱ्याच जणांचं भागतं.

एक गोष्ट मात्र करू नका, जुन्या एचएफएस प्लस टाइम मशीनचे फोल्डर हाताने एक्सफॅट डिस्कवर ओढून टाकणं. त्यात न बदललेल्या फाइल्स हार्ड लिंकने जोडलेल्या असतात, म्हणजे डिस्कवर एकच प्रत आणि दिसते प्रत्येक तारखेत, आणि अशी कॉपी केली की प्रत्येक तारखेची वेगळी आख्खी प्रत बनायला लागते, मग डिस्क भरते आणि काम अर्धवट लटकतं. एखाद्या तारखेचा एकच फोल्डर घ्या.

चौथा रस्ता, आख्खं जुनं मशीन व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे नव्या मशीनच्या आत प्रोग्रामसारखं चालणारं मशीन म्हणून, जपायचं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं डिस्क२व्हीएचडी हे फुकट टूल चालू विंडोजची व्हीएचडीएक्स बनवतं, ती हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीत चालवता येते. फाइल्ससाठी हा उद्योग करू नका. नव्या विंडोजवर चालतच नाही असं एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर असेल तरच करा, आणि विंडोज ॲक्टिव्हेशन परत मागणार हे धरून चला. ॲपल सिलिकॉनवाल्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर इंटेलची अशी इमेज नीट चालत नाही, तिथे एम्युलेशनने (दुसऱ्या चिपची नक्कल करून) कसंबसं काम होतं आणि स्पीड रडवतो.

काहीजण यातलं काहीच करत नाहीत, जुन्या लॅपटॉपची डिस्कच काढून यूएसबीच्या केसमधे टाकतात. स्वस्त आणि मस्त, पण दोन ठिकाणी फसतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर नवं मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे सेव्ह आहे का हे आधी बघा. आणि वनड्राइव्हमधे फक्त ऑनलाइन असलेल्या फाइल्सची नावं दिसतील पण आत काही नसेल, त्या जुन्या मशीनवरच आधी पूर्ण डाउनलोड करून घ्या. आयक्लाउडवाल्यांनीही तेच करावं. बऱ्याच नव्या मॅकमधे तर डिस्क बोर्डावरच सोल्डर केलेली असते, काढायचा प्रश्नच नाही.

मिक्स केलं तरी चालतं, मी तर तेच सांगेन. जुनी डिस्क गोठवा, त्यातलं रोज लागेल असं मोकळं करून नव्या मशीनवर घ्या, म्हणजे ते आपोआप नव्या बॅकअपमधेही जाईल. गोठवलेली डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर तिचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमधे टाका, स्टिकरवर नको. आणि जुनं मशीन फॅक्टरी रिसेट करायच्या आधी नव्या मशीनवर ती डिस्क लावून वेगवेगळ्या वर्षांतल्या आठ-दहा फाइल्स खरोखर उघडून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. एखादी उघडली नाही तर जुनं मशीन अजून हाताशी आहे, तोवर दुसऱ्या रस्त्याने काढता येते.