इतवारीतलं दहापट भिंग आणि दवबिंदू

गेल्या जुलैत नागपुरात इतवारीच्या सराफ्यातून सोनार वापरतात ते घडीचं भिंग घेतलं. दहापट, आत तीन काचा जोडलेल्या, काचेचा व्यास १८ मिमी, किंमत ७०० रुपये. दुकानदारांनी विचारलं, "ताई, हिरा पाहायचा आहे का?" म्हटलं, "नाही भाऊ, दवबिंदू."

दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा इंडिका, किडे धरणारी एक छोटी वनस्पती. पावसाळ्यात उगवते, फुलते, बी टाकते आणि ओल संपली की वाळून जाते. मला ती तीन पावसाळे शोधल्यावर भंडाऱ्याकडे, एका तळ्याकाठच्या ओल्या मुरमाड उतारावर सापडली. (नेमकी जागा लिहीत नाही, तुडवली जाईल.) जमीन इतकी निकस की गवतसुद्धा खुरटं. मातीत नत्र फार कमी, म्हणून ही किडे धरून पोट भरते. शेतातलं खत वाहून आलं की उंच गवत माजतं, तिचं ऊन अडतं आणि ती नाहीशी होते. अशा माळाला आपण पडीक म्हणतो आणि भराव टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

नुसत्या डोळ्यांना गवतात लालसर चमक तेवढी दिसते. भिंग लावलं आणि श्वास रोखला गेला. दोऱ्यासारखी अरुंद पानं, त्यावर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका थेंबात चिलटाचा पाय अडकला होता. परत येऊन पाहिलं, तर शेजारचे केस त्याच्यावर वाकलेले. वर पाच पाकळ्यांचं फिकट गुलाबी फूल, जणू खाली काही घडलंच नाही.

भिंग डोळ्याला भिडवायचं आणि फुलापासून इंचभरावर न्यायचं, म्हणजे ओल्या जमिनीवर पालथं पडणं आलंच. आधी ऑनलाइन मागवलेल्या 'तीसपट' भिंगात कडेला इंद्रधनुष्य दिसायचं, इथे कडेपर्यंत चित्र स्वच्छ. खोट एकच: ऑगस्टच्या दमटपणात काच धुरकटते, सुती रुमाल जवळ हवाच. बिजागरीचा स्क्रू महिन्यात सैल झाला, तो दुकानदारांनी पैसे न घेता आवळून दिला. भिंग गळ्यात अडकवायचा गोफ मात्र आखूड ठेवा. माझा लोंबता गोफ एका पानाला चिकटला आणि पान तुटलं, अजून चुटपुट लागते.

यंदा भाचीसाठी दुसरं घेणार आहे, याच दुकानातून.