आधी टेप, मग पाना: सातपूरच्या सस्पेन्शनवाल्या काकांकडचा अनुभव

माझं वजन 84 किलो. हेल्मेट, बूट, चेस्ट गार्ड आणि पाठीवरची पाण्याची पिशवी धरून 94. हा आकडा आजवर कुठल्याही गॅरेजात मला कुणी विचारला नव्हता. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या या काकांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारला, आणि मी चपला घालून गेलो होतो म्हणून चक्क परत पाठवलं. "दादा, ज्या तयारीत गाडी हाणता त्याच तयारीत या. बुटालाबी वजन असतं." दिंडोरीहून दुसरी फेरी पडली, पण माणूस कामाचा आहे हे तिथेच कळलं.

काका एकटेच काम करतात, हाताखाली एक पोरगा. गर्दी नको म्हणून नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, त्यामुळे नाव-पत्ता देत नाही. पण काम कसं केलं ते सविस्तर लिहितो. तुम्ही कुणाकडेही जा, निदान एवढं तरी करून घ्या.

गाडी हिरोची एक्सपल्स 200 4व्ही प्रो, कच्च्या रस्त्यावर हाणायची मोटरसायकल. ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जाऊ शकतं ते अंतर, पुढे 250 मिमी, मागे 220 मिमी. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळलेली), कम्प्रेशन (ती किती झटकन दबते) आणि रिबाउंड (ती किती झटकन परत येते), तिन्ही पुढे-मागे दोन्हीकडे कमी-जास्त करता येतात. मागून फार बसते म्हणून मी आधी शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजात गेलो होतो. त्यांनी मोनोशॉकची, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकची, प्रीलोडची रिंग आवळली, सीट दोनदा दाबून पाहिली, "झाली कडक" म्हणाले आणि पैसे घेतले. त्यानंतर वाघाडकडच्या कच्च्या रस्त्यावर उताराला ब्रेक धरला की मागचं चाक उड्या मारायचं. एकदा ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडी आडवी झाली आणि डावं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये गेलं. ऐन द्राक्षांच्या गोडी छाटणीत. बागेत मजुरांच्या मागे एका हाताने फिरलो, तो राग अजून गेलेला नाही.

काकांनी मागच्या मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि चाकाच्या आसापासून तिथपर्यंत टेप धरला. चाक हवेत असताना 590 मिमी. गाडी जमिनीवर, नुसत्या स्वतःच्या वजनावर, 582. मग मी सगळं अंगावर चढवून बसलो, पोराने पुढून हँडल धरलं, पाय फूटपेगवर: 514. प्रत्येक मापाआधी काका गाडी दोनदा दाबून हळू सोडत, कारण शॉकमधली सील आणि लिंकेज (चाक-शॉक जोडणारे सांधे) जरा धरून ठेवतात आणि माप चुकतं.

म्हणजे माझ्यासकट गाडी 76 मिमी बसत होती. ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश बसावी असा अंदाज धरतात, 220 ला सत्तर ते पंच्याहत्तर. मला वाटलं, बरोबरच आहे की. काकांनी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. रिकामी गाडी फक्त 8 मिमी बसते, ती वीस-पंचवीस तरी बसायला हवी. माझं वजन पेलण्यासाठी मऊ स्प्रिंग इतकी आवळली होती की ती गाडीला खाली येऊच देत नव्हती. ब्रेक धरला, वजन पुढे गेलं, की मागच्या चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नव्हती. रिकामी गाडी कमी बसते म्हणजे स्प्रिंग कडक, असंच कुणालाही वाटेल. इथे नेमकं उलटं होतं. "आवळून स्प्रिंग कडक होत नसते, दादा. गाडी फक्त वर उचलली जाते." हे वाक्य ऐकलं तेव्हा मला मनगट आठवलं.

कडक स्प्रिंग यायला तीन आठवडे लागले. बसवल्यावर पुन्हा तीच तिन्ही मापं: 590, 570, 516. रिकामी 20, माझ्यासकट 74. रिकामी गाडी 12 मिमी खाली आल्याने 891 मिमीच्या सीटवर टांग टाकणंही थोडं सोपं झालं, हा वरचा फायदा. नवी स्प्रिंग जोरात परत येते म्हणून रिबाउंड दोन क्लिक आवळला. तोही कसा, तर आधी स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत, क्लिक मोजत, आकडा वहीत, मग नव्या जागेवर. म्हणजे बिघडलं तर मागे येता येतं. फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकचं, ऑइल बदललं, चेनचा ढिलेपणा पाहिला, टायरची हवा तपासली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तेच वळण पुन्हा घ्यायचं, मगच पुढची. शेडमागच्या मुरुमाच्या पट्ट्यावर त्यांनी मला अकरा चकरा मारायला लावल्या.

आता खटकलेल्या गोष्टी. फक्त शनिवार-रविवार काम. फोन उचलत नाहीत. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून मिळालं. स्प्रिंग आणि मजुरी मिळून 6,300 रुपये झाले, फोर्क ऑइल वेगळं. पुढच्या स्प्रिंगाही मला मऊच पडतात, पण त्या त्यांच्याकडे नव्हत्या, त्यामुळे मोठ्या उडीनंतर पुढचं सस्पेन्शन अजून पूर्ण दबून तळाला टेकतं. तरी मी पाचपैकी साडेचार देईन. वाघाडच्या त्याच उतारावर, त्याच चाकोरीत चार रविवार गेलो. चाक जमिनीला धरून राहतं.

पुतण्यानेही आता हीच गाडी घेतली आहे. त्याचं वजन 58 किलो. माझे आकडे त्याच्या गाडीला लावू का, असं काकांना विचारलं, तर म्हणाले, "रिंगला हात लावू नका. त्याला घेऊन या." येत्या शनिवारी निघतोय. त्याचे बूट आत्ताच डिकीत टाकून ठेवलेत.