लाकडी गुणाकार पाटी: दुसरी-तिसरीच्या लेकरांसाठी घ्यावी का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो, दुसरी अन् तिसरी एकाच खोलीत बसते माझ्याकडं. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर लेकरं बे-तीनचे पाढे सोडून बाकी सगळं विसरून येतात. म्हणून यंदा खिशातले पैसे टाकून ही पाटी ऑनलाइन मागवली, सहाशेच्या आसपास पडली. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावी लागली.

चौकोनी लाकडी पाटी आहे, तिच्यावर १० ओळी, एकेका ओळीत १० खड्डे, सोबत १०० लाल मणी अन् बाजूच्या खाचेत सरकवायला आकड्यांची कार्डं. चारचा पाढा घ्यायचा तर चार मण्यांची एक ओळ लावा, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, बस. पण राजेहो, एवढंच फार कामाचं आहे.

पाढा म्हणणारी पोट्टी वर्गात भरपूर असतात. सात एके सात म्हटलं की सत्तरपर्यंत थांबत नाहीत, पण मधूनच सात सक किती विचारलं की परत सात एकेपासून ओठ हलायला लागतात, कारण सात सक म्हणजे सात-सातच्या सहा ओळी हे कधी डोळ्यानं पाहिलेलंच नसतं. पाटीवर ते दिसते. चार मण्यांच्या तीन ओळी लावल्या अन् पाटी आडवी फिरवली, तर तिसरीतली एक पोरगी जागेवरून उठूनच बोलली, "सर, हे तं तीन चोक झालं ना जी! मणी तं तेच हायेत!" मी काही सांगायच्या आधीच.

अन् या एका गोष्टीनं अर्धं ओझं उतरते बघा. दहापर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार, त्यातले १, २, ५ अन् १० चे लेकरांना लवकर येतात. उरले ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपसातले ३६, अन् पाटी फिरवायची कळली की पाठ करायचे फक्त २१! फळ्यावर मी हे दरवर्षी सांगत होतो, पण हातानं फिरवल्यावर जे पटते ते फळ्यावर नाही पटत.

अवघड गुणाकारासाठी पाचव्या ओळीखाली एक दोरा आडवा ठेवतो. आठ मण्यांच्या सात ओळी असल्या तर दोऱ्याच्या वर पाच ओळी म्हणजे ४०, खाली दोन म्हणजे १६, झाले ५६. आता काही जण दोरा नसला तरी मनातच तोडतात.

पण एक सांगतो, पाटी आणली म्हणून पाठांतर सोडू नका. प्रार्थनेनंतर एका सुरात पाढे आमच्याकडं रोज होतातच, जिभेवर बसल्याशिवाय पुढं भागाकारात लेकरू अडकतेच. गावातले म्हातारे अजून पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा अन् साडेतीनचे पाढे) म्हणतात अन् कापसाचा हिशोब उभ्या उभ्या करतात, ते सगळं पाठांतराचंच आहे.

आता नाराजी. कार्डांवर आकडे इंग्रजी आहेत, मराठी माध्यमाच्या दुसरीतल्या लेकराला ते ओळखायलाच वेळ लागते, मी वरून कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. मणी मोजून १००च, जास्तीचा एकही नाही, अन् फरशीवर सांडले की पार बाकाखाली. बनवणाऱ्यांनी वर दहा-वीस द्यायला काय हरकत होती? घरात बारकं लेकरू असेल तर मणी त्याच्या हाती लागू देऊ नका, तोंडात घालण्याएवढेच आहेत. अन् एका पाटीभोवती चार-पाचच्या वर लेकरं मावत नाहीत, बाकीची नुसती बघत बसतात. घरी एका-दोघांसाठी मात्र बिनधास्त घ्या.

पैसे घालायचे नसतील तर अंड्यांचे ट्रे आणा. ३० अंड्यांच्या ट्रेत ५ बाय ६ खड्डे असतात, चार ट्रे एकाच दिशेनं मागून टेपनं जोडले की १० बाय १२ ची पाटी तयार, मण्यांऐवजी चिंचोके. नुसत्या जमिनीवर चिंचोके मांडले तर ओळी वाकड्या होतात अन् मोजणी चुकते, खड्ड्यात ते होत नाही. वर्गातल्या बाकी गटांना मी आता हेच करून दिलं आहे. पुठ्ठ्याचे ट्रे पावसाळ्यात ओल धरतात तेवढे फक्त कपाटाच्या वर ठेवा.