गाईड सोडून मूळ निकाल वाचतोय, 7 महिन्यांचा अनुभव

लॉच्या अभ्यासातला टॉर्ट्स (दुसऱ्याच्या चुकीनं नुकसान झालं तर भरपाई मागायचा कायदा) मी गाईडवरून पाठ करून काढला होता, निगलिजन्सची म्हणजे हयगयीची व्याख्या झोपेत विचारली तरी सांगेन असा प्रकार. पण इंटर्नशिपला सरांनी अपघाताची एक फाईल पुढ्यात टाकून विचारलं, "यात हयगय नेमकी कुठंय सांग," तेव्हा नुसता पानं उलटत बसलो. त्याच आठवड्यात कोर्टाचे मूळ निकाल वाचायला घेतले.

पहिली केस अर्थात गोगलगायवाली, डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, 1932: जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली म्हणून पिणाऱ्या बाईनं कारखानदारावर केलेला दावा. गाईडमध्ये तिला चार ओळी. निकाल वाचल्यावर कळतं की जिंजर बिअर त्या बाईनं नाही, मैत्रिणीनं विकत घेतलेली, म्हणजे तिचा विक्रेत्याशी करारच नाही, कॉन्ट्रॅक्टचा रस्ता बंद, आणि बाटलीची काच गडद, म्हणजे आत काय पडलंय ते कॅफेवाल्यालाही दिसणार नाही आणि पिणाऱ्यालाही. मग मी वहीत काच पारदर्शक करून बघितली, आता कारखानदार सुटेल का? दोन दिवस डोक्यात तेच. एक फॅक्ट बदलायची आणि निकाल हलतो का बघायचं, ही सवय गाईडनं जन्मात लावली नसती. (गंमत म्हणजे बाटलीत खरंच गोगलगाय होती का हे शेवटपर्यंत सिद्धच झालं नाही, आणि निकाल लागला 3 विरुद्ध 2 असा.)

खरी शिकवणी मात्र जोशी विरुद्ध गोडबोले, आपल्या सुप्रीम कोर्टाची. पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, पुण्याला डॉक्टर जोशींकडे आणला, तिथं वारला. डॉक्टरांची काळजी घ्यायची ड्यूटी होती यावर वादच नाही, सगळी मारामारी उपचारांच्या वेळी नेमकं काय झालं यावर. डॉक्टर म्हणतात मी हाड बसवलंच नाही, फक्त हलकं ट्रॅक्शन (पायाला हलकी ओढ) दिलं. कोर्टानं मानलं की नीट भूल न देता जोर लावून पाय ओढला आणि त्या शॉकनं मुलगा गेला. भरपाई 3000 रुपये. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढेच?"

त्रास पण आहे. जुन्या निकालांची इंग्रजी वाक्यं अर्धा पानभर चालतात, क्रियापद शोधता शोधता चहा गार होतो, पहिल्या महिन्यात जेमतेम तीन निकाल झाले. आणि पेपरात याचे वेगळे मार्क कुणी देत नाही, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडतोच, खोटं कशाला बोलू.